वाघुळेसाहेब लाह्या तपासतात

एका जंगलात (कुठल्या ते विचारायचं नाही, मध्येच विचारलंत तर गोष्ट इथंच बंद करीन) एक अस्वलीण राहत होती. तिचं नाव चांगुणाक्का. तिची लाह्यांची भट्टी होती. अंगावर एवढे केस घेऊन कुणी भट्टीपाशी बसतं का, असं तुम्ही म्हणाल. बसतं. हौस असली की बसतं.

भट्टीवर मोठी काळी कढई. कढईत बारीक वाळू. ही वाळू तिच्या आईची, आणि त्याआधी आजीची. तापून तापून पार काळी कुळकुळीत झालेली. नव्या वाळूत दाणा करपतो, मुरलेल्या वाळूत फुलतो, असं आई सांगायची. चांगुणाक्का आधी एकच दाणा टाकून बघायची. तो टप्पकन उडाला की मिठाच्या पाण्याचा हात लावलेली ज्वारी मूठमूठ सोडायची. मग काय विचारता! ताड ताड ताड ताड! लगेच सगळं चाळणीत ओतायचं आणि चाळणी गदागदा हलवायची. वाळू खाली पडून परत कढईत, लाह्या वर चाळणीत. पळसाच्या पानाचा द्रोण भरला की गिऱ्हाइकाच्या हातात. "खा रे, गरम आहेत तोवर खा!"

आता या लाह्यांवर जंगलाचा जीव टांगलेला होता. हसू नका. खरंच टांगलेला होता. नागोबाशी सगळ्यांचा जुना करार होता. दरवर्षी पंचमीला नागोबाला चाळीस टोपल्या लाह्या द्यायच्या, आणि त्यानं आणि त्याच्या भाऊबंदांनी वर्षभर कुणाला चावायचं नाही. नागोबा लाह्या खात नसे. तो त्यांच्यात लोळायचा. पोटाखाली कुरकुर कुरकुर वाजलं की त्याला गुदगुल्या व्हायच्या आणि तो हसायचा. नाग हसताना तुम्ही पाहिलाय का? मीही नाही. पण जंगलातले सांगत, की बघण्यासारखं असतं.

पंचमी चार दिवसांवर आली, आणि नेमका तेव्हाच सिंहमहाराजांचा दात पडला.

लाह्यांत एखादा दाणा न फुटता तसाच राहतो. त्याला गणंग म्हणतात. महाराजांनी गणंगच कडाडून चावला. दात तसा म्हातारपणानं हलतच होता. पण महाराज म्हातारे झालेत हे कोण सांगणार? त्यापेक्षा लाह्या वाईट आहेत हे सांगणं सोपं. झालं! त्याच दुपारी 'अन्नशुद्धी खातं' निघालं आणि त्याचे मुख्य तपासनीस म्हणून वाघुळेसाहेबांची नेमणूक झाली.

वाघुळेसाहेब म्हणजे वटवाघूळ. त्यांना दिवसा नीट दिसत नसे. पण कचेरीची वेळ दिवसाचीच होती, त्याला ते तरी काय करणार? बरोबर कारकून म्हणून एक सायाळ होतं. लिहायची वेळ आली की ते आपल्याच पाठीवरचा एक काटा उपटायचं, "आई गं!" म्हणायचं, आणि लिहायला लागायचं. त्यामुळे खात्याचा प्रत्येक कागद "आई गं"नंच सुरू होई.

साहेब आले. भट्टीवरच्या पळसाच्या फांदीला पाय अडकवून त्यांनी पंख मिटले आणि उलटे लटकले.

"हं. चालू करा."

चांगुणाक्कानं चालू केलं. दाणा टाकला, टप्प. ज्वारी सोडली, ताड ताड ताड. चाळणी हलवली. वाळू खाली, लाह्या वर.

साहेबांना मात्र सगळं उलटंच दिसलं.

"लिहा," साहेब म्हणाले. "काळा, बारीक, एकसारखा माल गाळून वर चढला. पांढरा, वेडावाकडा, फुटका गाळ खाली राहिला."

"आई गं," सायाळ म्हणालं आणि लिहू लागलं.

"अहो साहेब!" चांगुणाक्का ओरडली. "ती वाळू आहे! वरच्या त्या लाह्या!"

"वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, हे खातं ठरवील."

"पण तुम्ही उलटे लटकलाय!"

"बाई, आम्ही नियमाप्रमाणेच लटकलो आहोत. उलटं काय असेल ते तुमचं."

"बरं, नका मानू माझं. एक लाही तोंडात टाकून तर बघा!"

"खाऊन तपासणं नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. "माल खाल्ला तर उरणार नाही. उरला नाही तर शिक्का कशावर मारायचा?"

याला उत्तर असलं तर मला कळवा.

निकाल लागला. काळा माल शुद्ध. गिऱ्हाइकांना आणि नागोबाला तोच द्यायचा, आणि ताजा द्यायचा. पांढरा गाळ भट्टीमागच्या खड्ड्यात टाकायचा. न ऐकल्यास हत्ती येऊन भट्टीत सोंडेनं पाणी सोडतील.

चांगुणाक्का कढईपाशी मटकन बसली. भट्टी विझली तर तिला दुसरं काही येत नव्हतं. आणि निकाल पाळला तर आईची सगळी वाळू चार दिवसांत नागोबाच्या टोपल्यांत जाणार. तिला रडू कोसळलं. अस्वलाचं रडणं मोठं असतं. नदीपलीकडच्या म्हशी पाणी सोडून बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते खंडू ससा. तिनं त्याला द्रोणभर वाळू दिली. फांदीवरून साहेब बघत होते. खंडूनं चिमूटभर तोंडात टाकली. करकर करकर आवाज आला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"वा!" खंडू म्हणाला. "किती शुद्ध!"

मागं उभ्या असलेल्यांनीही मग शुद्ध म्हटलं. कोण म्हणणार नाही हो? शिक्का होता ना! मोरानं तर "पूर्वीसारखी भेसळ राहिली नाही" असंही सांगून टाकलं. तासाभरानं साहेबांचा डोळा लागला. मग एकेकानं गुपचूप येऊन आपापला द्रोण कढईत रिकामा केला आणि थू थू करत नदीवर गेला.

लाह्या खड्ड्यात जात होत्या. चांगुणाक्का कचऱ्यासाठीही हात राखून काम करीना. तसं तिला जमतच नव्हतं. एकेक घाणा ती मन लावून भाजायची, फुलवायची आणि डोळे पुसत खड्ड्यात ओतायची. वर पळसाच्या पानांची चटई अंथरायची, म्हणजे मऊ पडायला नकोत. कचऱ्यावर झाकण घालू नये असं कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं.

पंचमी उजाडली. सिंहमहाराज आले, सगळं जंगल आलं. नागोबा फणा काढून, डौलात, आजूबाजूला बघत आला.

चांगुणाक्कानं कढईतली वाळू उपसली. आईची, आजीची, सगळी. चाळीस टोपल्या कुठल्या भरायला, जेमतेम एक भरली. नियमाप्रमाणे ताजी, म्हणजे भट्टीवरून नुकतीच उतरलेली. तिनं ती नागोबापुढं पसरली.

"नागोबा," ती हळूच म्हणाली, "जरा थांबता का? गरम आहे..."

"बाई, खात्याच्या कामात अडथळा आणू नका!" साहेब फांदीवरून ओरडले.

नागोबाला धीर कुठला! वर्षभर वाट बघितलेली. त्यानं डोळे मिटले, अंग सैल सोडलं आणि लोळण घेतली.

बाळांनो, त्यानंतर जो आवाज झाला तो हसण्याचा नव्हता.

"मेलो! भाजलो! करार मोडला!" नागोबा शेपटीवर उभा राहिला. "आता चावतो! एकेकाला चावतो! आधी कोणाला चावू?"

सगळ्यांनी सिंहमहाराजांकडे बोट दाखवलं. महाराजांनी सायाळाकडे दाखवलं. सायाळानं पाठ फिरवली, आणि त्या पाठीला चावायचं कसं हे नागोबाला कळेना. तेवढ्यात त्याला समोर खंडू ससा दिसला.

चांगुणाक्का धावली. तिनं खड्ड्यावरची चटई ओढून काढली.

"नागोबा! इकडं या! या कचऱ्यात उडी टाका!"

पोट भाजलेल्याला कचरा काय आणि गादी काय! नागोबानं उडी टाकली. कुरकुर. तो थांबला. थोडा सरकला. कुरकुर कुरकुर. मग त्यानं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि खड्ड्यातून खो खो आवाज येऊ लागला.

"अहाहा! चाळीस वर्षांत असा कचरा पाहिला नाही!" नागोबा म्हणाला. "करार कायम! पुढच्या वर्षीही हाच कचरा पाहिजे!"

महाराजांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वाघुळेसाहेबांना हार घातला. इतका उत्तम कचरा साठवणारं खातं दुसऱ्या कुठल्या जंगलात आहे? हार उलट्या साहेबांच्या गळ्यात राहीना. शेवटी तो पायाला बांधला.

साहेबांनी तिथंच नवा निकाल सांगितला. काळा माल गरम असल्यानं नापास. तो कुणी खाऊ नये. पांढरा गाळ हा अव्वल दर्जाचा कचरा असल्याचं खातं प्रमाणित करीत आहे. तो कुणी, किती खावा, याच्याशी खात्याचा संबंध नाही, कारण कचरा अन्नात मोडत नाही.

"आई गं," सायाळ म्हणालं.

चांगुणाक्कानं यातलं एकच ऐकलं. वाळू नापास! तिनं जमिनीवर अंग टाकलं आणि दोन्ही पंजांनी आईची वाळू कण न् कण गोळा केली. ती इतकी हसत होती, इतकी रडत होती, की कुणी जवळ जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीपुढं ही रांग! सगळ्यांत पुढं सिंहमहाराज.

"आक्का," महाराज म्हणाले, "द्रोणभर कचरा द्या. गरम द्या हं. आणि त्यात गणंग नको."

लाह्यांना कचरा म्हटलेलं ऐकून चांगुणाक्काच्या काळजात चर्र झालं. पण समोर ज्वारी ताडताड फुटत होती आणि रांग पार नदीपर्यंत गेली होती. तिनं द्रोण भरला आणि वर एक मूठ जास्तीची टाकली.

"घ्या महाराज," ती म्हणाली. "आजचा कचरा फार छान झालाय."

तात्पर्य : बाळांनो, आपला माल चांगला आहे असं तपासनिसाला कधीही सांगू नये. तो लगेच तपासायला बसतो. कचरा आहे म्हणून सांगावं आणि निवांत भट्टी पेटवावी.