फुलपात्रातली वाइन

मी वाइन प्यायला निघालो ते बायकोची आठवण आली म्हणून. हे कारण काही नवं नाही, हे मलाही कळतं. पण बाकीचे लोक विसरायला पितात, मला आठवायचं होतं. तेवढाच काय तो फरक, आणि त्या फरकापायी आज आमच्या मळ्यात जे होऊन बसलंय ते निस्तरणं माझ्या बापालाही जमलं नसतं.

मी रामनाथ. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतो. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का, गेलेल्यावर जावकचा. अठ्ठावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद गहाळ झालेला नाही. (बायको झाली.) गहाळ म्हणजे, इंद्रायणी पुण्याला गेली, आमच्या श्रेयाच्या बाळंतपणाला. हल्लीच्या मुली बाळंतपणाला माहेरी येत नाहीत, माहेरालाच बोलावून घेतात. महिनाभरासाठी म्हणून गेलेल्या या बाईला आता अकरा महिने झाले. नातू समर्थ रांगायला लागला, उभा राहायला लागला, आणि मी कळंबच्या घरात रोज एका माणसाची खिचडी लावतो. एका माणसाची खिचडी कधीच नीट होत नाही. ती एकतर दोघांची होते, नाहीतर करपते.

तर आठवण. आठ वर्षांपूर्वी आमच्या मळ्यात वाइनची द्राक्षं होती. आता ऊस आहे, तो निमूटपणे पारगावच्या साखर कारखान्यावर जातो आणि कुणाच्या आठवणीत राहत नाही. पण द्राक्षाच्या शेवटच्या तोडणीला वाइनरीच्या साहेबांनी आम्हा नवराबायकोला बोलावलं होतं. "तुमच्याच द्राक्षांची आहे, चव तर घ्या," म्हणाले. काचेचे ग्लास सगळे पाहुण्यांकडे गेलेले, म्हणून आम्हाला स्टीलच्या फुलपात्रातून दिली. इंद्रायणीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला. मग परत येताना स्कूटरवर तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं. नारायणगावपासून टेकलं ते कळंब येईपर्यंत उचललं नाही. लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. तेवीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं, आणि त्यानंतर एकदाही नाही.

मला ती चव परत हवी होती. तशी बाटली शोधायची, इंद्रायणीला फोन करायचा आणि म्हणायचं, "सापडली, ये." एवढंच. पण शोधायची कशी? स्टीलच्या फुलपात्रात रंग दिसत नाही. पांढरी होती की तांबडी, काहीच ठाऊक नाही. आठ वर्षांपूर्वीची तीच बाटली मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून तशी चव कुठल्या सालात उतरलीय ते बघायचं.

मी नारायणगावच्या बाजूला वाइनच्या एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "स्वस्तातल्या दाखवा. पांढऱ्या पण आणि तांबड्या पण. जेवढी वेगवेगळी सालं असतील तेवढी." दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं. (माझ्याकडे आदराने पाहायची सवय कुणाला नसल्यामुळे मला ते लगेच कळतं.) चार तांबड्या निघाल्या, शिराज नावाच्या द्राक्षाच्या: सतरा, अठरा, एकोणीस आणि एकवीस सालच्या. तीन पांढऱ्या: एकोणीस, एकवीस, बावीस. वीस सालची एकही नव्हती. ते बरंच झालं, त्या सालाची चव सगळ्यांना पाठ आहे.

मोबाइलवर मी या विषयाचा बराच अभ्यास केला. त्यात तीन गोष्टी सांगितल्या होत्या. बाटल्या गार जागी ठेवाव्यात. बुचं थोडा वेळ सैल करून हवा लागू द्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाटल्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे लेबल बघून जीभ फसत नाही.

गार जागा म्हणजे फ्रिज. पण आमच्या फ्रिजवर शेजारच्या साळुबाईचा ताबा आहे. तिचा फ्रिज दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून तिचं दूध, दही, मोड आलेली मटकी, सगळं आमच्याकडे असतं. दिवसातून चार वेळा ती येऊन दार उघडते आणि आत काय नवीन आहे ते मला सांगते. त्यामुळे मी विहीर निवडली. आमची विहीर जुनी, दगडी, वर जांभळाची दाट सावली आणि काठाला कट्टा. कट्ट्यावर ओलं गोणपाट अंथरलं की फ्रिजच.

राहिलं कापड. ते इंद्रायणीच्या कपाटात होतं. ओटी भरताना मिळालेले खण. प्रत्येक घरात असा एक गठ्ठा असतो. ते खण कुणी शिवत नाही, या बाईने तिला द्यायचे, तिने पुढे आणखी कुणाला, असे ते तालुकाभर फिरत राहतात. मी सात खण काढले. कपाटातून तिच्या साड्यांचा वास आला आणि मी उगाच दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो.

शुक्रवारी किरकोळ रजा टाकून दुपारी मी विहिरीवर गेलो. सातही बाटल्यांची बुचं सैल केली, प्रत्येकीला तोंडापासून खाली खण गुंडाळला, गळ्याशी दोरा बांधला आणि कट्ट्यावर एका ओळीत उभ्या केल्या. हिरवी, लाल, जांभळी, पुन्हा हिरवी. छान दिसत होत्या. मग फुलपात्रं आणायला घरी आलो, तर ऑफिसचा फोन. साहेबांना तीन वर्षांपूर्वीचं एक पत्र हवं होतं. ते कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, कुठल्या फाइलीखाली आहे, हे समजावण्यात पाऊण तास गेला.

परत गेलो तर विहिरीवर अकरा बायका.

सातही बाटल्यांना हळदकुंकू लागलं होतं. प्रत्येकीपुढे तांदूळ, सुपारी, एकेक केळं. नारळ फुटलेला. उदबत्तीचा धूर जांभळात चढत होता आणि पुढे साळुबाई पदर पसरून, डोळे मिटून बसली होती.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. विहिरीचा काठ, शुक्रवारचा दिवस आणि खण ल्यालेल्या सात जणी. साती आसरा! पाण्यातल्या सात बाया. आमच्याकडे विहिरीशी सात गोटे मांडून त्यांची ओटी भरतात. आणि मी गाढवाने बरोब्बर सातच आणल्या होत्या.

"रामभाऊ!" साळुबाईने डोळे उघडले. "येवढी थापना केली आन् कुणाला सांगितलं बी न्हाई?"

"अहो, ते... ते तसं नाही..."

"सपान पडलं व्हतं ना?"

"अं?"

"आसरा अशा कुणी उगं मांडत न्हाई. बाई सपनात येती, तवाच मांडत्यात. आली व्हती का न्हाई?"

"आली होती," मी म्हणालो. हे खरं होतं. पहाटे इंद्रायणी आली होती.

"हिरवं पातळ?"

"हो." (हेही खरं.)

"काय म्हनली?"

"काही नाही. नुसती बघत होती."

अकराही बायकांनी एकदम हात जोडले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी, "अहो, ही शिराज आहे," असं म्हणण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. तुमच्यात असेल तर तुम्ही या आणि म्हणा. खण सोडून बघावं असं एकीच्याही मनात आलं नाही, हे नशीब. देवाला उचलून खाली काय लिहिलंय ते कोण बघतं?

साळुबाईने तिथूनच इंद्रायणीला फोन लावला. मी हातवारे करत होतो, तिला वाटलं मी आरती कर म्हणतोय. तिने आरती केली. फोन चालूच.

आता बघा. ही बाई दिवाळीला आली नाही. "समर्थला सर्दी हाय." गावच्या यात्रेला आली नाही. "श्रेयाची मीटिंग हाय." मला ताप आला तेव्हा, "क्रोसिन घ्या." आणि आसरा बसल्या म्हटल्यावर शनिवारी सकाळी नऊच्या एसटीने बाई कळंबच्या स्टँडवर हजर! मी आणायला गेलो होतो. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. ती उतरली, थोडी गोरी झाली होती, केस वेगळे बांधले होते. मला फार आनंद झाला.

"बारीक झालीस," मी म्हणालो.

"आधी हिरीवर चला," ती म्हणाली.

विहिरीवर साळुबाई आणि चारपाच जणी होत्याच. इंद्रायणीने चप्पल काढली, ओटी भरायला घेतली. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरीपुढे ती डोकं टेकायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं, भक्ती. मग तिचं नाक हललेलं दिसलं.

ती हळूच उठली. "साळू, साखर इसरले बघ. घरनं आन की जरा. आन् तुमी समद्याजनी जाऊन प्रसादाचा शिरा टाका. मी बसते हितं."

बायका गेल्या. आता शिव्या, म्हणून मी खाली मान घातली.

"ही कुठल्या सालची?" इंद्रायणीने विचारलं.

"अं?"

"शिराजच हाय ना? साल इचारते मी."

तिने खणाचा दोरा सोडला, फुलपात्रात दोन बोटं ओतली, गोल फिरवलं, नाक आत घातलं, घोट घेऊन तोंडात घोळवला आणि सरळ उसात थुंकली.

"सतरा. दमली ही. येवढ्या स्वस्तातली तांबडी येवढी वर्षं ठेवायची नस्ती वो." पुढची. "अठराची. पाणचट. त्या साली तोडनीच्या वक्ताला पाऊस झाला व्हता, ध्यानात हाय का? आपली बाग झोडपली व्हती." तांबडी एकोणीस तिने नुसती हुंगून बाजूला ठेवली. एकोणीसची पांढरी तोंडात घेतली आणि शहारली. "इरजण लावायला चालंल." एकविसाची पांढरी बरी, पण जीव नाही म्हणाली. बावीसची तिला आवडली, "पेरूचा वास हाय." आणि शेवटी एकविसाची शिराज. ती मात्र तिने थुंकली नाही. गिळली. डोळे मिटले. "जांभूळ हाय हिच्यात. आन् मागनं मिरी."

"इंद्रायणी, हे तू कुठं शिकलीस?"

"श्रेयाच्या सासूबाई. त्यांनी कोर्स केलाय. दर शनवारी आमी दोघी बाल्कनीत बसतो. समर्थ झोपला की मग एक पांढरी, एक तांबडी, वेगवेगळ्या सालाची. वहीत लिवून ठेवतो." ती खुदकन हसली. "लई मज्जा येती वो."

अकरा महिने मी समजत होतो की ती तिकडे दुपटी धुतेय.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी जिद्दीने विचारलं, "मग आता तूच सांग. यातली त्या दिवशीसारखी कुठली?"

"कुठल्या दिवशीची?"

मी सगळं सांगितलं. फुलपात्र, तिचा दुसरा घोट, स्कूटर. नारायणगाव ते कळंब माझ्या पाठीवर टेकलेलं डोकं. ते पुन्हा एकदा व्हावं म्हणून आणलेल्या सात बाटल्या. "मला करमत नाही गं," मी म्हणालो. हे वाक्य मी अकरा महिने फोनवर म्हणायचं ठरवत होतो.

तिने फुलपात्र खाली ठेवलं.

"आवो, मला मळमळत व्हतं. उपाशी पोटी, उन्हाचं प्यायले. डोकं टेकलं नस्तं तर वाटंतच पडले असते. तुमी स्कूटर खड्ड्यातनं घालत व्हता, म्हनून तोंड बी उघडता येईना."

आठ वर्षं. आठ वर्षं मी त्या मळमळीवर काढली होती.

मग ती सरकून माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. "येवढं करमत न्हाई तर चला की पुण्याला," ती म्हणाली. "रजा किती साठलीया तुमची? दोन महिने ऱ्हावा. शनवारी तिघं बसू. श्रेयाच्या सासूबाईंना कुनीतरी लिवून घ्यायला पायजेच हाय."

माझी रजा एकशे ऐंशी दिवस शिल्लक होती. आणि लिहून घेणं तर माझा धंदाच. मी तिथल्या तिथे "हो" म्हणालो. मनातल्या मनात बॅगही भरली.

एवढ्यात साळुबाई साखर घेऊन आली. तिच्या मागे बाकीच्या. इंद्रायणीने चपळाईने खण बांधले.

"रामभाऊ," साळुबाई म्हणाली, "आमी समद्यांनी ठरवलंय. बाई तुमच्या सपनात आली, तर दिवा बी तुमीच लावायचा. रोज तिन्हीसांजेला. सव्वा वरीस. मधी खंड न्हाई."

मी आशेने इंद्रायणीकडे बघितलं. तिने मला बाजूला नेलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "साळूनं काल हितं माहेरी बसलेल्या पोरीच्या संसारासाठी पदर पसरलाय. आता तिला काय सांगायचं, दारूफुडं पसरलास? तुमीच मांडल्या, तुमीच निस्तरा."

ती रविवारी संध्याकाळच्या एसटीने परत गेली. ओळीतून एकही बाटली हलवता येत नव्हती, म्हणून बावीसची पांढरी आणि एकविसाची शिराज तिने पाण्याच्या दोन बाटल्यांत ओतून घेतली, विहीणबाईंसाठी. रिकाम्या झालेल्या त्या दोन्ही आसरांत मी विहिरीचं पाणी भरून ठेवलं. साळुबाईची मुलगी चौथ्याच दिवशी नवऱ्याकडे गोडीने नांदायला गेली. आता शुक्रवारी पार लांबच्या घाटघरकडच्या बायकासुद्धा जीप करून येतात आणि जाताना माझ्या पाया पडतात.

इंद्रायणीचा फोन मात्र रोज येतो. पूर्वी ती विचारायची, "जेवलात का?" आता विचारते, "दिवा लावलात का?" आणि मी हो म्हणायच्या आत ठेवते.