रणगाडेवाला

सन १९६८ च्या भाद्रपदात, गणपती बसायच्या आदल्या दिवशी सकाळी, सोलापुरात नागनाथ ढेपे या गिरणी कामगाराच्या दारात एक रणगाडा येऊन उभा राहिला.

त्याला कारण होते. आदल्या संध्याकाळी कम्युनिस्ट पक्षाच्या शाखेत ठराव आला होता, की प्राग शहरात घुसलेले रशियाचे रणगाडे योग्यच आहेत. नागनाथने हात वर केला. ठराव ऐकून मग हात वर करायची शाखेत पद्धत नव्हती. ज्यांनी ज्यांनी हात वर केला त्या सगळ्यांच्या दारात सकाळी एकेक रणगाडा होता. पोस्टमन "रणगाडेवाले ढेपे कुठले?" असे विचारू लागला. नाव पडले ते तिथून. अर्थ तेवढाच.

नागनाथच्या रणगाड्याची नळी मात्र समोरच्या यल्लप्पा गुर्रमच्या घरावर होती. यल्लप्पा त्याच शाखेतला, पण त्याने हात वर केला नव्हता. संपाच्या वर्षी नागनाथच्या डोक्यावर येणारी लाठी त्याने अंगावर घेतली होती, आणि तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे.

रणगाडा रोज थोडा पुढे सरके. नागनाथची बायको भागिरथी नळीवर लुगडी वाळत घाली, तरी थांबेना. गौरी उठल्या तेव्हा नळी यल्लप्पाच्या खिडकीतून आत गेली होती. त्याच्या बायकोने चूल दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

शाखेचे सेक्रेटरी सबनीस म्हणाले की रणगाडा ठरावाचा आहे, त्यांच्या हातात काही नाही. यल्लप्पाने खांद्याची अडचण कळवली, तर त्याचाही हात वर होता असे धरता येईल.

नागनाथने निरोप सांगितला.

"खांदा धड असता तरी केला नसता, बे," यल्लप्पा म्हणाला.

"भिंत जाईल."

"जाऊ दे. चहा निवतोय तुझा."

पुढच्या बैठकीत सबनीसांनी रिवाजाप्रमाणे विचारले, मागच्या ठरावाला कोणाचा विरोध? असा विरोध कधी नसे. नागनाथने हात वर केला. गिरणीतली पाळी करून आला होता, हात जड झाला होता.

"ढेपे, चुकून वर राहिला का?"

"हा माझा नाही. यल्लप्पाचा आहे. त्याचा वर जात नाही."

"मग तुमचं मत काय?"

"मला मत नाही. देणं आहे."

एक हात दोन्ही बाजूंना मोजता येत नाही. सबनीसांनी नागनाथला ठरावातून कमी केले, आणि मग पक्षातूनही.

सकाळी रणगाडा नव्हता. दारात दोन चाकोऱ्या होत्या. गल्लीतल्या बाकीच्या नळ्या आता नागनाथच्या घराकडे वळल्या होत्या. पोस्टमन मात्र अजून रणगाडेवालेच म्हणत होता.

यल्लप्पा येऊन पायरीवर बसला. डाव्या हाताने त्याने दोन बिड्या पेटवल्या आणि एक नागनाथला दिली.

"फिटलं," तो म्हणाला.