नरेशचा लाल टॅग आणि माझा शुक्रवार

माझा शुक्रवार चुकेल त्या दिवशी भिलाईच्या भट्ट्या थंड पडतील, असं मी चारचौघांत बिनधास्त सांगत असे. उगाच नाही सांगत! दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ब्लॉगवर एक नवा विषय येतो म्हणजे येतोच. कधी सिनेमातल्या खलनायकांच्या घरचे जिने, कधी मालिकांतल्या बायका झोपताना घालतात ते दागिने, कधी हिरोच्या आईचं शिवणयंत्र. सकाळी शाळेत गणित शिकवायचं, दुपारी घरी शिकवण्या, संध्याकाळी पोळ्या, आणि या सगळ्याच्या फटीत बोटं घालून मी ब्लॉग लिहिते. नणंदेच्या लग्नात हळदीच्या हातांनी लिहिलाय. तापात लिहिलाय. माझे वाचक इथे भिलाईच्या स्मृति नगरात आहेत, जुनवानीत आहेत, नागपुरात आहेत आणि एक तर चक्क कॅनडात आहे. तो माझा मावसभाऊ आहे, पण वाचक तो वाचकच.

तर अशा या माझ्या कीर्तीचा सुगंध नागपूरच्या एका साप्ताहिकापर्यंत पोचला. तिथल्या संपादक प्रेरणाताईंचा फोन आला. म्हणाल्या, हुशार लिहिणारे आमच्याकडे ढिगानं आहेत, वेळेवर देणारं माणूस मिळत नाही. तुमचा शुक्रवार कधी चुकत नाही म्हणतात, तर या शुक्रवारी सहाच्या आत तुमचा लेख ब्लॉगवर दिसू द्या. दिसला की आमच्या पेपरातलं सदर तुमचं.

छापील सदर! माझ्या नावानं! मी फोन ठेवला आणि घरभर सांगत सुटले. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, पेपर खाली घेऊन "फोटो येईन का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, येईल. तेव्हा ते म्हणाले, मग चांगला काढून घे.

विषयही मी फक्कड निवडला होता : सिनेमातले बॉम्ब. घड्याळ टिकटिकतंय, हिरोला घाम फुटलाय, लाल वायर कापू की निळी? आणि शेवटच्या क्षणी कच्चकन बरोब्बर तीच वायर! गुरुवारी संध्याकाळी अर्धा लेख झाला, तेवढ्यात कुकरनं हाक मारली. लेख तसाच उघडा टाकून मी उठले आणि नरेशला म्हटलं, "अहो, उद्या शाळेतून आल्यावर पुरा करते. तोवर या कॉम्प्युटरला कोणी हात नाही लावला पायजे. तुम्ही पाहून घ्या."

"पाहून घेतो," नरेश म्हणाला. माझा नवरा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत प्लांटमध्ये, इलेक्ट्रिशियन आहे. कमी बोलतो आणि सांगितलेलं काम करतो. मला वाटलं, झालं, आता काळजी मिटली.

शुक्रवारी दुपारी शाळेतून घामाघूम होऊन आले, कूलरसमोर दोन मिनिटं उभी राहिले आणि मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरपाशी गेले. पडदा काळा. आणि प्लगला तारेनं करकचून बांधलेला एक लाल टॅग! त्यावर कवटी, त्याखाली 'ख़तरा, हाथ न लगाएँ', आणि त्याच्याखाली नरेशची झोकदार सही.

प्लांटच्या बाहेरच्या लोकांना या टॅगची थोरवी सांगायला हवी. यंत्र बंद करून त्यावर काम सुरू असलं की माणूस हा टॅग लावतो. मग त्या यंत्राला कोणी बोट लावायचं नाही. साहेब आले, साहेबांचे साहेब आले, तरी नाही. टॅग काढायचा तो फक्त ज्यानं लावला त्यानं. भिलाईत पोरांना बाराखडीच्या आधी हे समजतं.

मी हात पुढे केला तर मागून मामाजींचा आवाज आला. मामाजी म्हणजे कवडूजी, सारा जन्म प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागात गेलेला, रिटायर होऊनही घरातल्या मिक्सरची रोज पाहणी करणारा माणूस.

"हात मागं घे. टॅग हाय त्याले."

मी म्हटलं, मामाजी, हा आपल्या घरचा कॉम्प्युटर आहे, रोलिंग मिल नाही. ते म्हणाले, करंट काय घर पाहून लागते? मग चष्मा लावून त्यांनी टॅग वाचला. सही होती. कारणाची जागा मात्र कोरी होती. मला वाटलं, आता तरी ते म्हणतील की काही नसेल. पण प्लांटमधल्या माणसाची अक्कल वेगळ्या रुळावरून धावते.

"कारण नाही लिहिलं," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे कारण मोठं असन."

झालं! त्यांनी दोरी आणून कॉम्प्युटरभोवती दोन खुर्च्यांना बांधली आणि माझ्या मुलीला, गुंजनला, तिथे पहाऱ्याला बसवलं. एरवी ही पोरगी पाण्याचा ग्लास उचलायला सांगितला तर तीनदा ऐकत नाही. त्या दिवशी सीमेवरच्या जवानासारखी बसली.

नरेशला फोन केला तर तो लॉकरमध्ये वाजत होता. दोनला शिफ्ट सुटून तो घरी यायला हवा होता, पण ड्यूटीवरून परतलेल्या शेजाऱ्याकडून कळलं की त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नाही, म्हणून याची डबल ड्यूटी. म्हणजे रात्री दहापर्यंत सुट्टी नाही. तुम्ही म्हणाल, बाई, फोनवरून लिहा. लिहिलं असतं हो! पण अर्धा लेख त्या कॉम्प्युटरात, आणि ब्लॉगचा पासवर्ड तर मला कधीच पाठ नव्हता, तो फक्त त्या कॉम्प्युटरला पाठ होता.

चार वाजले. मामाजी गॅलरीत गेले ते पाहून मी दोरी ओलांडली. एक पुठ्ठ्याचा तुकडा, एवढीशी तार! ओढली की संपलं. गुंजन माझ्याकडे पाहत होती.

"मम्मी, नानाजी भी तो यही लगाते थे ना?" ती म्हणाली.

माझे बाबाही प्लांटमधलेच. लहानपणी त्यांच्या डब्याच्या पिशवीत असे लाल टॅग असायचे आणि आम्ही भावंडं ते दुधाच्या पातेल्याला लावून एकमेकांची मलई राखायचो. कोणी चोरून खाल्ली नाही कधी. माझा हात तिथेच थांबला, आणि मला माझाच इतका राग आला की मी जाऊन कणीक मळली. कणकेनं त्या दिवशी फार सोसलं.

तेवढ्यात मामाजींनी निवाड्यासाठी शेजारच्या चंपतकाकांना बोलावून आणलं. मला आशा वाटली. चंपतकाका सिनेमाचे भारी शौकीन, माझे पहिल्यापासूनचे वाचक. मी त्यांना सगळं सांगितलं : सदर, नागपूर, सहाची वेळ. म्हटलं, काका, तुम्हीच सांगा, एका टॅगसाठी एवढं?

चंपतकाकांनी एरवी कायम खिशात असणारा आपला उजवा हात वर केला. त्याला दोन बोटं कमी आहेत. तरुणपणी एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात ते मशीनमध्ये हात घालून बसले असताना कोणीतरी घाईत टॅग काढून बटण दाबलं होतं.

"त्याले बी घाईच होती, पोरी," ते शांतपणे म्हणाले.

मी जाऊन चहा ठेवला. सदर गेलं तर जाऊ दे, असं एकदा मनाला सांगून पाहिलं, पण मन काही ऐकेना. डोळ्यांत पाणी आलं ते मी आल्याच्या तिखटपणावर ढकललं.

मामाजींनी ते पाहिलं असावं. कारण चहा अर्धा टाकून ते उठले आणि रिटायर झाल्यापासून कधीच न केलेली गोष्ट त्यांनी केली. शिफ्ट ऑफिसला फोन लावला! "मैं कवडू बोल रहा हूँ. नरेश को तुरंत घर भेजो. टॅग का मामला है." तिकडून कोणीतरी घाबरून काय झालं ते विचारत होतं. मामाजींनी ठणकावलं, टॅगची गोष्ट फोनवर होत नसते, आणि फोन ठेवून दिला.

आता विचार करा. कवडूजींसारखा दगडाच्या काळजाचा माणूस स्वतःहून फोन करतो, टॅग म्हणतो, घर म्हणतो आणि पुढे काहीच सांगत नाही. तिकडच्यांनी काय समजावं? त्यांनी जे समजायचं तेच समजलं. नरेशच्या जागी दुसरा माणूस उभा केला आणि याला पिटाळलं.

पाऊण तासात प्लांटमधल्या सोबत्याच्या, सोनूच्या, मोटरसायकलवर मागे बसून नरेश आला. डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी बूट, मांडीवर प्रथमोपचाराची पेटी, आणि चेहरा असा पांढरा की मला ओळखू येईना. त्यांच्या मागे आणखी दोन स्कूटर. गल्लीतली सगळी दारं उघडली. नरेश पायऱ्या चढत आला, मला पाहिलं, माझे दोन्ही हात धरून उलटसुलट केले, बोटं मोजल्यासारखी पाहिली.

"कुठं लागलं?"

"कुठं नाही लागलं," मी म्हटलं. "तुमचा टॅग काढायचा हाय."

तो खाली पायरीवरच बसला. सोनूनं त्याला पाणी दिलं. पंधरा वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासाठी इतका घाबरतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, सदर विसरून मी दोन क्षण नुसती त्याच्याकडे पाहत राहिले. मग घड्याळाकडे पाहिलं. सहाला पंचवीस मिनिटं.

पण मामाजी असे तसे टॅग काढू देतात होय! आधी सगळ्यांना दोरीच्या बाहेर उभं केलं. माणसं मोजली. नरेशला सही दाखवून विचारलं, तुझीच का? त्यानं हो म्हटल्यावर तार सोडायची परवानगी मिळाली. टॅग निघाला. आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो बिघाड उघडा पडणार होता. शेजारी टाचा उंच करून पाहत होते.

नरेशनं माउस जरासा हलवला.

पडदा उजळला. माझा अर्धा लेख, गुरुवारी जिथे सोडला होता तिथेच, हिरोच्या हातात पकड आणि कपाळावर घाम! कॉम्प्युटर कालपासून चालूच होता. कूलरच्या घरघरीत त्याचा आवाज कोणाला आला नव्हता, एवढंच.

"अरे, चालू मशीनले टॅग कोन लावते?" मामाजी कडाडले. "कारण कावून नाही लिहिलं?"

"पहाटे पाचला निघायचं होतं, घाई झाली," नरेश पुटपुटला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिनंच सांगतलं होतं, कोणी हात नाही लावला पायजे. म्हणून टॅग लावला. कोणी लावला काय हात?"

नाही. कोणीच नव्हता लावला. माझ्यासकट.

सगळी गल्ली माझ्याकडे पाहायला लागली. मी पदर खोचला आणि खुर्चीवर बसले, कारण अशा वेळी लेखकानं लिहायला बसणंच बरं असतं. पाठीमागे मामाजी, चंपतकाका, नरेश, सोनू आणि निम्मी गल्ली. मी मोठ्यानं वाचत लिहीत होते. हिरो लाल वायर कापतो इथपर्यंत आले आणि चंपतकाका मागून म्हणाले,

"अन् यानं शटडाऊन कोनाले मांगतला?"

शटडाऊन म्हणजे कामाआधी वीज बंद करून घ्यायची रीतसर परवानगी. मी मागे वळून पाहिलं. ते गंमत करत नव्हते. मामाजींनीही मान हलवली. म्हणाले, टॅग नाही, हातमोजे नाहीत, बाजूले माणसं उभे. असा हिरो आमच्याकडं एक दिवस टिकला नसता.

मी ते जसंच्या तसं टंकलं आणि लेख संपवला. सहाला तीन मिनिटं असताना ब्लॉगवर टाकला. माझा शुक्रवार चुकला नाही!

प्रेरणाताईंचा फोन सातला आला. सदर माझं झालं होतं. शेवटचा प्रश्न विचारणारे काका कोण, असं त्यांनी आवर्जून विचारलं. चंपतकाकांनी दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतून जाताना उजवा हात खिशात ठेवणं सोडून दिलं. मामाजी दर शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या मागे खुर्ची टाकून बसतात. आणि मी? हुशार लिहिणारे जगात ढिगानं असतील, पण जिच्या घरात एका शब्दावर अख्खं खटलं दिवसभर हात बांधून बसतं अशी लेखिका मला दाखवा. मला माझ्या ब्लॉगचा अभिमान होताच. आता माणसांचा जास्त आहे.

आता शुक्रवारी लिहायला बसण्याआधी तोच टॅग मी स्वयंपाकघरात गॅसच्या बटणाला बांधते. खाली माझी सही. चहा नाही, 'जेवायला काय' नाही, दोन तास पूर्ण शांतता. इतका साधा उपाय मला आधी कसा सुचला नाही!

फक्त मागच्या शुक्रवारी लेख टाकला आणि त्या आनंदात मी तशीच मराठी मंडळाच्या बैठकीला निघून गेले. तिथे सत्कार झाला, भाषण झालं, पोहे झाले. साडेआठला घरी आले तर मामाजी, नरेश आणि गुंजन ओट्यासमोर ओळीनं रिकाम्या ताटांपुढे बसलेले होते. कणीक मळलेली, भाजी चिरलेली, आणि गॅसला टॅग.

"सही तुही हाय," मामाजी म्हणाले. "काढ, अन् लवकर काढ."