सासूबाईंचा राहिलेला ठोका

‘पंख्याची तार जवळच्या कोणत्याही योग्य तारेला जोडावी.’ गाडीच्या कूलरच्या खोक्यातल्या कागदावर हे वाक्य खरडणाऱ्या गृहस्था, क्लेम नित्श्केच्या पोरीच्या लग्नाचं मातेरं तू केलंस! तोंड लपवू नकोस. ऐक.

क्लेमची वॅगन मोटार तीस वर्षांची. काळी, लांबलचक आणि तापट. गेल्या नाताळात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, तिच्या गिअरबॉक्सचं तेल उकळलं आणि क्लेमच्या सासूबाई, एल्झाबाई, खाऱ्या तळ्याकाठी दोन तास पापडासारख्या भाजल्या. म्हणून केरिननं बापाला बजावलं, “बाबा, माझ्या लग्नाची घंटा वाजेल तेव्हा आजी चर्चच्या पायरीवर हवी!”

“हवी म्हणजे? असेलच! तेल गार करायला नवा कूलर बसवतो. गिअरबॉक्सला शिंका येतील!”

बसवलाही. रेडिएटरपुढे आवळला, नळ्या जोडल्या, स्वतः लाल तेलानं न्हाला. राहिली पंख्याची तार. हाताशी लागली ती हेडलाइटची. दिली जोडून! आता पंखा फिरायला हवा तर दिवे लावायचे. भर उन्हात दिवे जळले तर कोणाच्या बापाचं काय जातं?

लग्नाच्या दिवशी सासूबाई मागची सीट पाडून आडव्या झाल्या. “जावई, चाळीसच्या वर गेलास तर काठी आहे,” म्हणाल्या, उन्हासाठी पांढरी चादर डोक्यावरून ओढली आणि घोरायला लागल्या. लिलीची फुलं ठेवायला जागा नव्हती, म्हणून क्लेमच्या बायकोनं, लोइसनं, ती आईच्याच अंगावर रचली.

समोरून गव्हाचा ट्रक आला. त्या रस्त्यावर गाडी दिसली की नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, समोर वैरी असला तरी! क्लेमनं उचललं. ट्रकवाल्यानं नाही. त्यानं ट्रक कडेला घेतला, टोपी काढली आणि मान खाली घातली.

पुढच्या जीपवाल्यानं तेच केलं. त्याच्या पुढच्यानंही, आणि मान खाली घालूनच गावाला फोन लावला. कुणीच बोट उचलेना.

क्लेमनं आरशात पाहिलं. मागे अकरा गाड्या. सगळ्यांचे दिवे लागलेले, भरदिवसा, प्रेतयात्रेत लावतात तसे. कुणी पुढे जात नव्हतं, कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. दोन्ही बाजूंना पांढरं, कोरडं तळं. वारा नाही, कावळा नाही.

“लोइस,” क्लेम म्हणाला, “आपण मेलो तर नाही ना गं?”

“मेल्यावर एवढा घाम येतो का कुणाला?”

“नरकात येत असेल.”

“तोंड सांभाळ! आज पोरीचं लग्न आहे.”

गाव आलं. रस्त्यावर माणसं उभी होती, काळ्या कोटांत, हॅट छातीशी धरून. कुणी हलत नव्हतं. आणि चर्चची घंटा वाजायला लागली. एक ठोका. क्षणभर काही नाही. मग दुसरा.

“क्लेम, ही लग्नाची घंटा नाही. ही माणूस गेल्यावरची. जितकं वय, तितके ठोके.”

लोइस मोजू लागली. गाडी रांगत होती. साठ. सत्तर. ऐंशी. नव्वद. एक्क्याण्णव.

घंटा थांबली.

“आईचं वय,” लोइस पुटपुटली.

दोघांनी सावकाश माना वळवल्या. मागे पांढरी चादर. फुलं. घोरणं कधी बंद पडलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

चर्चच्या दारात गाडी उभी राहिली. केरिन पांढऱ्या झग्यात हुंदके देत धावत आली, पाद्रीबुवांनी मागचं दार उघडलं, आणि चादर ताडकन उठून बसली!

“ब्याण्णव! मागच्या गुरुवारी ब्याण्णव झाले! मेल्यांनो, मोजायला कुणी शिकवलं नाही का?”

पाद्रीबुवा लिलीच्या फुलांत कोसळले.

लग्न लागलं, तासभर उशिरा. मग घंटेच्या दोरीशी म्हातारा ओटो उभा राहिला. उभाच राहिला.

“वाजव ना!” क्लेम ओरडला.

“कशी वाजवू, क्लेम? पहिला ठोका तुझ्या सासूचाच पडेल. एक राहिलाय, तो पडला की तिचा हिशेब पुरा.”

“दोरीला हात तर लावून बघ!” सासूबाईंनी काठी उगारली.

केरिन नवऱ्याचा हात धरून पायरीवर आली. शेजारी आजी, ठणठणीत. केरिननं वर बघितलं, वाट पाहिली. वॅगनचे दिवे कुणी मालवलेच नव्हते. गावात आवाज होता तो तेवढ्या त्या पंख्याचा.

“बाबा, माझी घंटा?”

बोल ना, कागदवाल्या! योग्य तार म्हणजे कोणती? आणि तो राहिलेला ठोका आता कोण देणार? तू येतोस?