अनुभवी एक्सल

एप्रिलच्या सतरा तारखेला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मोहपाखर ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टँकरचा मागचा एक्सल चिंचेच्या चढावर मोडला. मोडला, हे टँकरचा ड्रायव्हर कोंडू याचं म्हणणं. पंचायतीच्या नोंदवहीत तो 'सेवा देण्यास तूर्त असमर्थ' झाला. फरक एवढाच, की मोडलेली वस्तू बदलावी लागते आणि असमर्थ वस्तूबाबत पत्रव्यवहार करता येतो.

गाव शहापूर तालुक्यातलं. मागच्या टेकडीवर चढलं की भातसा धरणाचं पाणी लख्ख दिसतं. ते मुंबईचं असल्यामुळे त्याच्याकडे नुसतं बघायचं असा रिवाज आहे. गावाला उन्हाळ्यात भातसानगरच्या बाजूच्या एका विहिरीवरून टँकरनं पाणी येई. टँकर नसला की बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणत, आणि त्या खड्ड्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरत. एका हंड्याला पाऊण तास लागे. कोंडूची बायको सुंदरा त्या बायकांतलीच एक होती. तिचे गुडघे आधीच कामातून गेले होते. त्यात टँकरवाल्याचीच बायको डवऱ्यावर बसलेली पाहून बाकीच्या काय काय बोलत, ते ती घरी येऊन शब्दन् शब्द सांगे.

कोंडू ती गाडी सत्तावीस वर्षं चालवत होता. आधी तो साधा मालट्रक होता, मग त्याच्या पाठीवर टाकी बसली. गाडी इतकी जुनी, की तिचा नवा एक्सल आता कुठे बनत नव्हता. भंगारातून जुना पण धडधाकट शोधायचा, एवढाच मार्ग होता, आणि त्यात कोंडूचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो किन्हवलीच्या पुढे, मुरबाड रस्त्याला जीवनशेठच्या भंगारवाड्यात गेला. तिथे कसाऱ्याच्या घाटात उलटलेल्या एका कांद्याच्या ट्रकचा एक्सल पडला होता. कोंडूनं त्याच्या पोटाचं बूच काढलं, आत बोट घातलं आणि तेल दोन बोटांत चोळून पाहिलं. लोखंडाचा कण लागला नाही. मग त्यानं कान लावून, चाक बसतं तो हब हातानं फिरवला. आतली दातेरी चक्रं एका लयीत फिरली. शेठला हा बाजूला ठेव म्हणून सांगून तो आनंदात गावी आला. परवापर्यंत गाडी चालू होईल असं त्यानं सुंदराला सांगून टाकलं, आणि मग ऑफिसात जाऊन तेच सांगायची चूक केली.

ग्रामपंचायत अधिकारी भावेश यांना सगळं गाव जुन्या सवयीनं भाऊसाहेब म्हणे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कोंडूचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि त्याला समजावलं, की एकच एक्सल पाहून तो चांगला आहे असं म्हणता येत नाही. चांगलं हे तुलनेनं ठरतं. तेव्हा निदान तीन एक्सल पाहिजेत, आणि तुलना करायला समिती पाहिजे. बाकीचे दोन खराब असले तरी चालतील का, असं कोंडूनं विचारलं. खराब असले तर उत्तमच, तुलना स्पष्ट होते, असं भाऊसाहेब म्हणाले.

अशा रीतीनं 'जुना एक्सल निवड समिती' स्थापन झाली. सरपंच गीताबाई अध्यक्ष, भाऊसाहेब सचिव. सदस्य म्हणून शाळेचे मुख्याध्यापक आणि निवृत्त पोस्टमास्तर घेतले. दोघांचाही लोखंडाशी आयुष्यात संबंध आला नव्हता, त्यामुळे निःपक्षपातीपणाचा प्रश्नच मिटला. कोंडूला तांत्रिक सदस्य केलं. एक मेच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर समितीचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला, अजून काहीच केलं नसताना.

इथे खरं सांगितलं पाहिजे. कोंडूला बरं वाटलं. सत्तावीस वर्षं तो त्या ऑफिसात दाराशी उभा राहून किल्ली घेत आणि देत आला होता. आता त्याला आत खुर्ची होती. भाऊसाहेब त्याला कोंडूजी म्हणू लागले. पहिल्या बैठकीसाठी त्यानं ठेवणीतला पांढरा शर्ट बाहेर काढला, आणि त्या दिवशी सुंदरानं डवऱ्यावरून आणलेल्या हंड्यातलं निम्मं पाणी तो शर्ट धुण्यात गेलं. उरलेल्या निम्म्यात तिनं स्वयंपाक उरकला.

समितीनं आधी निवडीच्या अटी ठरवायला घेतल्या. एक्सलच्या अटींचा नमुना कुठेच मिळेना. पंचायतीच्या कपाटात अटी असलेला एकच कागद होता, तो म्हणजे अंगणवाडी मदतनीस पदाची जुनी जाहिरात. भाऊसाहेबांनी तोच समोर ठेवला आणि जिथे 'उमेदवार' होतं तिथे 'एक्सल' केलं. एक्सल शक्यतो स्थानिक असावा. त्याला तत्सम कामाचा, म्हणजे पाण्याच्या टँकरखालचा, किमान दहा वर्षांचा अनुभव असावा. त्याच्यावर पोलिसांत कुठलीही नोंद नसावी. दिसण्यात स्वच्छ आणि नीटनेटका असावा. लेकुरवाळ्यास प्राधान्य, ही अट मुख्याध्यापकांनी सखोल चर्चेअंती गाळली.

तेल बघायचं, दात बघायचे, असं काही यात घालायला हवं, असं कोंडूनं सुचवलं. सूचना चांगली आहे, म्हणून तिची नोंद घेतली गेली. नोंद घेतल्यावर तिचं आणखी काही करायचं नसतं, हे कोंडूला नंतर कळलं.

दरम्यान, दुसरा एक्सल घ्यायचा तर मोडका आधी पंचायतीच्या दप्तरातून कमी करावा लागतो, असं निघालं. त्याला निर्लेखन म्हणतात. ट्रॅक्टरनं ओढून गावात आणलेल्या गाडीखाली दोन दिवस झोपून कोंडूनं मोडका एक्सल सोडवला. त्याला भेग गेली होती, आतल्या चक्राचे तीन दात उडाले होते. बारा वर्षांपूर्वी तो एकदा तडकला होता, तेव्हा कोंडूनं त्याच्या पोटाखाली नांगराच्या फाळाचा तुकडा वेल्ड करून घेतला होता. फाळ सुंदराच्या बापाचा. म्हातारा गेल्यावर नांगर कोणी धरेना, तेव्हा तिनंच आणून दिला होता. निर्लेखनाच्या कागदावर पहिली सही तांत्रिक सदस्याची, म्हणून कोंडूनं केली, आणि एक्सल भंगार म्हणून जीवनशेठकडे रवाना झाला.

अटींची एक प्रत शेठलाही गेली. तीन एक्सल दाखव, असं त्याला पत्र होतं. शेठनं अटी दोनदा वाचल्या. मग त्यानं वाड्यात एक फेरी मारली आणि समितीला बोलावणं धाडलं.

पाहणीचा दिवस चौदा मे ठरला. वाड्यात झाडलोट करून तीन एक्सल ओळीनं मांडले होते. समोर खुर्च्या होत्या, पोह्यांचा बेत होता. मुलगी बघायला गेल्यासारखे सगळे सावरून बसले. भाऊसाहेब एकेकाचे गुण मांडत गेले.

पहिला कांद्याच्या ट्रकचा. घाटात उलटल्यामुळे त्याचा पोलीस पंचनामा झालेला होता. शिवाय कांदा हे पाण्याशी तत्सम काम होत नाही. शंभरात एकवीस. दुसरा गुजरातच्या गाडीचा, म्हणजे स्थानिक नाही आणि अनुभव अवघा आठ वर्षांचा. चौतीस. तिसऱ्यावर मात्र नजर ठरत नव्हती. त्याला चांदीचा रंग दिला होता आणि वर झेंडूची माळ होती. शेठनं हात जोडून सांगितलं, की हा याच तालुक्यातला आहे, आणि जन्मभर टँकरखालीच राबलेला आहे. पोस्टमास्तर म्हणाले, असा अनुभव हल्ली माणसांतही सापडत नाही. गुण पडले सत्त्याण्णव.

पांढऱ्या शर्टामुळे कोंडूनं बूच काढून बोट घातलं नाही. पण सवयीनं तो वाकला, आणि रंगाखाली त्याला फाळाचा तुकडा दिसला. त्यानं वरून हात फिरवला. शंकेला जागा नव्हती.

"भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "ह्यो आपलाच हाय."

"म्हणजे स्थानिक," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी त्या रकान्यात बरोबरची खूण केली.

"तसा नाय. आपला मोडलेला, त्योच ह्यो. रंग दिलाय नुसता."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. त्यांना राग आला नव्हता, उलट कोंडूची काळजीच वाटत होती.

"कोंडूजी, तो एक्सल आपण गेल्या आठवड्यात निर्लेखित केला. दप्तरी तो अस्तित्वात नाही. जो अस्तित्वात नाही, तो इथे कसा असेल? आणि हा तोच आहे असं तुम्ही लेखी दिलंत, तर निर्लेखन खोटं ठरतं. त्यावर पहिली सही कोणाची आहे?"

कोंडूनं जीवनशेठकडे पाहिलं. शेठ झेंडूची माळ सारखी करत होता. तुमच्या अटीत बसणारा माझ्याकडे एकच होता, असं त्यानं नंतर सांगितलं, आणि ते खरंच होतं. गीताबाई पदरानं वारा घेत होत्या. पोहे गार होत आहेत, तेवढं उरका, असं त्या म्हणाल्या. कोंडूपुढे तक्ता आला. त्यात 'तांत्रिक सदस्याचा अभिप्राय' असा रकाना होता, आणि खाली दोनच पर्याय छापले होते: योग्य, अतियोग्य.

कोंडू घाबरला होता, हे खरं. नोकरीची तीन वर्षं उरली होती. पण नुसती भीती असती तर तो कदाचित बोललाही असता. त्याला ती खुर्ची सोडवत नव्हती. त्यानं 'योग्य'वर खूण केली, आणि 'अतियोग्य'वर केली नाही, एवढं त्यातल्या त्यात समाधान मानलं.

भेगेवर वेल्डिंग मारून आणलेला एक्सल त्यानंच आपल्या हातांनी गाडीला बसवला. वीस तारखेला गीताबाईंनी नारळ फोडून टँकर पुन्हा सुरू केला. गाव जमलं होतं. टँकर रिकामा, रस्ता उताराचा, त्यामुळे गाडी खट खट करत का होईना, गेली. टाळ्या झाल्या. विहिरीवर टाकी भरली. परत येताना चिंचेच्या चढावर, सतरा एप्रिलला जिथे थांबली होती तिथून चार हात अलीकडे, एक्सल दुसऱ्यांदा सेवेस असमर्थ झाला.

गावापासून ती जागा दोन किलोमीटर. भर उन्हात बायका हंडे घेऊन टँकरपाशी पोचल्या. वाकून तोटीखाली हंडा लावताना सुंदराला गाडीचं पोट दिसलं. दणक्यानं चांदीचा रंग उडाला होता.

"ह्यो माज्या बाबाचा फाळ," ती म्हणाली. "तुमी बगितला नवता?"

"बगितला."

"मंग?"

"सगल्यांनी सही केली गो," कोंडू म्हणाला.

तिनं हंडा डोक्यावर घेतला, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि चालू लागली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर कोंडूला बरं वाटलं असतं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. तो हंडा घ्यायला धावला, पण तिनं दिला नाही.

समितीचा अहवाल मात्र चांगला आला. टँकरने नियोजित मार्गाचे ऐंशी टक्के अंतर यशस्वीपणे पार केले असून, उर्वरित अंतर लाभार्थी स्वतः पार करीत आहेत, असं त्यात म्हटलं आहे. टँकरचं आता 'स्थिर जलकेंद्र' झालं आहे. एक्सलची निवड सर्वानुमते झाल्यानं दोष कोणा एकाचा नाही, आणि एकाचा नाही म्हणजे कोणाचाच नाही, असा निष्कर्ष आहे. पुढच्या एक्सलसाठी समितीला मुदतवाढ मिळाली आहे, आणि यावेळी अनुभवाची अट पंधरा वर्षांची केली आहे.

अहवाल नियमाप्रमाणे फलकावर लावला. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी, अशी तळटीप होती. ज्यांना हरकत होती त्या बायका दिवसभर हंडे वाहत होत्या. ज्यांना वाचायला वेळ होता त्यांनी तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला. एकदोन ठिकाणी ते हसले, शेवटी मान हलवून ही पद्धतच अशी आहे म्हणाले, आणि कामाला गेले. भाऊसाहेबांनी त्या सगळ्यांची संख्या 'संमती' या सदरात धरली आहे.

तुम्हीही तो आत्ता इथपर्यंत वाचलात. तुमची संमती धरून आकडा एकानं वाढवला आहे.