आईच्या मुठीचं माप

उकळत्या दुधाचं पातेलं आईच्या हातून निसटलं आणि दादानं तिथल्या तिथे निकाल दिला, रविवारपासून आईचं स्वयंपाकघर बंद. जेवण बाहेरून येईल. आई पुसून झालेला ओटा पुन्हा पुसत राहिली. ते बघून धाकटीचा जीव तुटला. बावन्न वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच होती, आणि धावपळ धाकटीनं करायची हा नियमही तसाच होता. अशक्त हातांसाठी जाड मुठीच्या सुऱ्या, सालकाढण्या मिळतात म्हणे, तेवढं करून बघू, असं म्हणत तिनं रविवारपर्यंतची मुदत पदरात पाडून घेतली.

शाळेच्या कचेरीतून सुटल्यावर ती दुकानात गेली. विक्रेत्यानं तिच्यापुढे रबरी, खाचांच्या, वाकड्या अशा नाना मुठी मांडल्या आणि आईच्या हाताचं माप विचारलं. ते कुणाला ठाऊक? तिनं अंदाजानं एक संच उचलला. त्याची मूठ आईला बारीक पडली. दुसऱ्या संचातली सुरी इतकी हलकी, की हातात आहे की नाही तेच आईला कळेना. धाकटी पुन्हा बदलायला गेली तेव्हा विक्रेता थकल्या आवाजात म्हणाला, "बाई, हातच घेऊन या ना एकदा."

आईनं साफ नकार दिला. "हात काय बाजारात दाखवत फिरू? माप ने." आणि तिनं कणकेचा गोळा मुठीत घट्ट दाबून धाकटीच्या हवाली केला. बोटांचे ठसे छान उठले होते. धाकटीनं तो फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि कामावर गेली. त्या पिशवीवर दिवसभर पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडत होते, हे काही तिच्या लक्षात आलं नाही.

विक्रेत्यानं गोळा उलटसुलट करून पाहिला. आई पैलवान आहेत का, असं त्यानं अगदी अदबीनं विचारलं. पण धाकटीचं डोकं एव्हाना चालेनासं झालं होतं. माप म्हणजे माप, असं म्हणून तिनं दुकानातला सगळ्यांत जाड मुठीचा संच घेतला. घरी आईची बोटं त्या मुठीभोवती अर्धीसुद्धा वळली नाहीत, आणि रविवार तर दुसऱ्याच दिवशी होता.

रविवारी दादा आला. सालकाढणी उचलून म्हणाला, "हे धूड आई धरणार?" ते कसं कुचकामी आहे हे दाखवायला त्यानं एक बटाटा सोलला. मग दुसरा सोलला. मग खुर्ची ओढून बसला आणि टोपलीच जवळ घेतली. दोघी बघत राहिल्या.

"हात दुखतो का रे तुझा?" आईनं विचारलं.

दादानं मान वर केली नाही. "सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत. वर्ष होत आलं."

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं तर गाडी चालवू देणार नाहीत."

आईला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. "मी कशाला सांगायला जाते कुणाला," ती म्हणाली. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून पातेलं गॅसवर चढवलं. स्वयंपाकघर बंद करायचा विषय निघालाच नाही. दादा निघाला तेव्हा आईनं त्याला एवढंच बजावलं, की उद्याही सोलायला ये.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. धाकटी कचेरीतून येऊन बाहेरच्या खोलीत पाय लांब करून टेकली. किती दिवसांनी तिच्या वाट्याला काही काम नव्हतं. आत दोघं मिठावरून हुज्जत घालत होती. मग दोघांची हाक एकदमच आली. बरणीचं झाकण निघत नव्हतं. धाकटी उठली, आत गेली आणि एका हिसक्यात झाकण उघडून दिलं.

"हिचे हात आहेत म्हणून चाललंय बाई," आई कौतुकानं दादाला म्हणाली.

धाकटी हसली, आणि मनगटात उठलेली कळ ओसरेपर्यंत हात पाठीमागे धरून तशीच उभी राहिली.