लाल नाक आणि दांडीवरचा कोट

"यंदाच्या हिवाळ्यात सगळं कॉलेज माझ्याकडे वळून वळून बघणार! आणि तेही फुकटात!"

भिंगरीने ही घोषणा आरशासमोर केली. ऐकायला आरशाशिवाय कुणी नव्हतं, हे एक नशीबच म्हणायचं. पोरीला भिंगरी का म्हणतात, ते वेगळं सांगायला नको. एका जागी म्हणून ठरत नाही. पाय तर नाहीच, डोकंही नाही.

झालं होतं असं, की पानगळ सुरू झाल्यापासून तिच्या फोनवर फॅशनचा नुसता पूर आला होता. यंदा लांब, ढगळ, खांद्यावरून ओघळणारे कोट! पायात लोकरीचे पायमोजे, गुडघ्यापर्यंत! ओठ गडद, जांभळ्याकडे झुकणारे! आणि चेहरा कसा, तर आत्ताच गारठ्यातून आल्यासारखा. गाल लाल, नाकाचा शेंडा लाल, डोळे पाणीदार. म्हणजे पूर्वी सर्दी झाली की लोक तोंड लपवून घरी बसायचे, आता तीच सर्दी ब्रशने काढायची! काय बोलणार?

पण भिंगरीला हे सगळं नुसतं मिरवायला नको होतं. शहरातल्या मोठ्या दुकानात मेकअपच्या काउंटरवर शनिवार-रविवारसाठी मुलगी हवी होती आणि तिची मुलाखत ठरली होती. ती घरी कुणाला बोलली नव्हती, कारण बाबांनी आधीच फर्मान काढलं होतं. "हिवाळा लागेपर्यंत स्वतःचं काही काम शोध. नाहीतर दर रविवारी आपल्या दुकानात वाफेच्या इस्त्रीशी उभी राहा!" बाबांचं ड्राय क्लीनिंगचं दुकान. थंडीच्या तोंडावर सगळं गाव पेट्या उघडतं आणि वर्षभराचे कुबट कोट आणून त्यांच्या काउंटरवर आदळतं. त्या वाफेत रविवार काढायचा म्हणजे केसांचं पार भुस्काट! नोकरी मिळाली तर सुटका, नाही तर इस्त्री. इतकं सरळ होतं.

तर खर्च न करता नटायचं कसं? भिंगरीने डोकं लढवलं. तळाला गेलेली एक लिपस्टिक होती. ती तिने केसांच्या पिनेने कोरून कोरून काढली आणि तीच ओठांना, तीच गालांना, तीच पापण्यांना, तीच नाकाला! डोळे पाणीदार दिसावेत म्हणून ओठांची जेली डोळ्यांखाली फासली. पायमोज्यांसाठी कपाटाच्या तळाशी एक जुना राखाडी स्वेटर सापडला. त्याच्या बाह्या कात्रीने कराकरा कापल्या आणि चढवल्या पायांवर. अगदी मापात बसल्या! स्वेटरचं उरलेलं धड घडी घालून परत कपाटात. कोणाला कळतंय?

राहिला कोट. आणि कोटांना त्या घरात काय तोटा!

घराला लागूनच असलेल्या दुकानाच्या मागच्या अंगाला एक लोखंडी दांडी होती. घरात तिला 'बेवारशी दांडी' म्हणत. कपडे धुवायला टाकून जे लोक परत फिरकलेच नाहीत, त्यांचे कपडे तिच्यावर लटकत. कुणी गाव सोडून गेलेलं, कुणी जाड झालेलं, कुणी विसरलेलं. पण बाबांचा नियम कडक. "गिऱ्हाईक वर्षांनी येवो, नाहीतर न येवो. त्याचा कपडा आपल्या अंगाला लागता कामा नये! हा धंदा विश्वासावर चालतो!" हे वाक्य भिंगरीने पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं.

तिने दांडीवरचा तपकिरी कोट काढला. पुरुषी, लांब, मोठ्या मोठ्या बटणांचा. ढगळ म्हणजे किती ढगळ? आत आणखी एक भिंगरी सहज मावली असती. एका दिवसाचा तर प्रश्न! संध्याकाळी परत दांडीवर.

बसस्टॉपवर वरच्या मजल्यावरच्या मावशी भेटल्या. मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि हातातली पिशवीच खाली ठेवली.

"अगं बाई! काय झालं गं?"

"काही नाही मावशी."

"काही नाही कसं? नाक बघ, डोळे बघ! रात्रभर रडलीस की काय?"

"अहो, फॅशन आहे ती!"

"रडायची?" मावशींचा आवाज चढला. "मला वेडी समजतेस? आणि हा कोट कुणाचा?"

आता या 'कुणाचा'चं खरं उत्तर देणं शक्य नव्हतं. भिंगरी म्हणाली, "आहे एकाचा." आणि बस आली म्हणून चढली. मावशीही त्याच बसमध्ये! भिंगरी खिडकीत तोंड खुपसून बसली, तर मावशी मागून तिच्या पाठीवर हात फिरवतायत. शेजारच्या बाईंनी तिला रुमाल दिला. एक आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बस बेटा, टेक जरा. सगळं ठीक होतं." ती बसलेलीच होती! तिने ओशाळून 'बरं' म्हटलं आणि फोन बंद करून टाकला. मुलाखतीत वाजायला नको. मोठ्या दुकानापाशी ती उतरली, तेव्हा मावशी खिडकीतून मान काढून बघत होत्या.

दुकानाच्या काचेच्या दारात पहारेकरी उभा होता. त्याने दार उघडलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला.

"ताप आहे?"

"नाही हो! मेकअप आहे!"

"असं सगळेच म्हणतात," तो म्हणाला. कोण सगळे, देव जाणे.

मेकअपच्या विभागाच्या मॅनेजर मॅडम म्हणजे एकदम कडक इस्त्री. केस चापून बसवलेले, आवाज चापून बसवलेला. त्यांनी भिंगरीला बघितलं आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपल्याकडे ओढून घेतला.

"तब्येत बरी नसेल तर दुसऱ्या दिवशी यायचं होतं."

"मॅडम, हाच तर यंदाचा लूक! थंडीतून आल्यासारखा! आणि एका लिपस्टिकमध्ये सगळा चेहरा! विद्यार्थ्यांना परवडेल असा!"

मॅडमनी मान तिरकी केली. "कल्पना चांगली आहे. पण तुम्ही फार ओतलंय. हे थंडीतून आल्यासारखं नाही वाटत, मधमाश्यांतून आल्यासारखं वाटतंय. नाक तर बाई, कृपा करून..."

डोळ्यांसमोर वाफेची इस्त्री फुसफुसायला लागली. ती हातवारे करून समजावायला गेली आणि त्या ढगळ बाहीतून, मनगटापाशी, गुलाबी कापडाची एक चिठ्ठी बाहेर लोंबायला लागली. लाँड्रीची चिठ्ठी! टाचणीने टाचलेली, वर शाईने नंबर. धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला बाबा ती स्वतः टाचत. जन्मभर बघितलेली वस्तू, त्यामुळे डोळ्यांना दिसलीच नाही! दुसऱ्या कुठल्या घरातल्या पोरीला ती आधी दिसली असती.

पहारेकऱ्याला मात्र लांबूनच दिसली. तो धावत आला. "मॅडम! कोटाला किमतीची चिठ्ठी तशीच आहे! आपल्या वरच्या मजल्यावरून उचललाय वाटतं!"

"मी? उचलला?" भिंगरी किंचाळली. "हा माझाच आहे!"

"मग चिठ्ठी कसली?"

"लाँड्रीची!"

"म्हणजे लाँड्रीतून उचललाय?"

मुलाखत राहिली बाजूला, चौकशी सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "कोट काढा बघू." तिने काढला. आत घरातला फिकुटलेला झगा, पायात राखाडी बाह्या. नटलेली मुलगी एकदम कसनुशी दिसायला लागली.

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आई आत आली!

आईच्या पायांत घरातल्या चपला, हातात कपडे घासायचा ब्रश. तो ठेवायचं भानच राहिलं नव्हतं. मावशींनी पुढच्या स्टॉपला उतरून, उलट्या बसने बाबांचं दुकान गाठून आईला सगळा वृत्तांत सांगितला होता. पोरगी रडून रडून लाल झालीय, अंगात एका पुरुषाचा कोट आहे, विचारलं तर म्हणते 'आहे एकाचा', आणि मोठ्या दुकानाशी उतरलीय! फोन लावावा तर बंद!

"कुठाय तो?" आईने पहारेकऱ्याला विचारलं.

"कोण?"

"कोटवाला!" आई पहारेकऱ्याकडेच नीट बघायला लागली. "तू का रे तो?"

"मी?" पहारेकरी घाबरून मॅडमच्या मागे गेला. "मला बायको आहे हो!"

"बघा, बायको आहे याला!" आईने कपाळावर हात मारला. हात ब्रशचाच, त्यामुळे कपाळावर फेस आला.

"आई! काय चाललंय तुझं? मी मुलाखतीला आलेय!"

"मुलाखतीला कुणी रडत येतं?"

त्याच वेळी दारातून बाबा घुसले. ते कपडे पोचवायला गेले होते, तिथूनच आईचा फोन येताच धावत सुटले होते. पण त्यांचं दुःख वेगळं.

"कोट कुठाय? गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलंय! दोन हिवाळ्यांनी आलंय! आपला लांब कोट द्या म्हणतंय आणि दांडीवर लांब कोट एकही नाही!" त्यांना मॅडमच्या हातात तपकिरी कोट दिसला. "सापडला! भिंगरे! तुला लाज कशी वाटली नाही? मी जन्मभर काय सांगत आलो? गिऱ्हाइकाचा कपडा..."

"...आपल्या अंगाला लागता कामा नये," भिंगरी आणि आई एका सुरात म्हणाल्या.

"धंदा विश्वासावर चालतो!" बाबांनी टेबलावर हात आपटला. लिपस्टिकांची एक रांग आडवी झाली. त्यांनी फोन काढला आणि आपल्या दुकानात लावला. काउंटरवर मावशींना बसवलं होतं. "मावशी, गिऱ्हाइकाला द्या. स्पीकरवर टाकतो. होऊ दे सगळ्यांसमोर! हॅलो साहेब, मिळाला तुमचा कोट! तपकिरी, मोठ्या बटणांचा! अगदी जसाच्या तसा!"

पलीकडून सावकाश आवाज आला. "तपकिरी? छे हो. माझा निळा होता. काळी कॉलर. डाव्या कोपरावर ठिगळ आहे, चामड्याचं."

आई बाबांकडे बघायला लागली. मग भिंगरी. मग मॅडम. मॅडमच्या मागून पहारेकऱ्यानेही मान बाहेर काढली.

बाबांच्या अंगात लांब, निळा कोट होता. काळ्या कॉलरचा. बाबांनी डावं कोपर हळूच पाठीमागे नेलं.

"अहो," आई म्हणाली, "हा कोट कुठला?"

"हा... म्हणजे... कपड्याला अधूनमधून हवा लागावी लागते. नाहीतर कसर लागते."

"अंगात घालून?"

"मग काय करू? सकाळी गारठा मरणाचा! स्वेटर घालायला गेलो, तर त्याला बाह्याच नाहीत!"

आता सगळ्यांनी भिंगरीच्या पायांकडे बघितलं. राखाडी, लोकरीच्या, गुडघ्यापर्यंत. मनगटाच्या कडेला आईच्या हातचा निळा टाका.

झालं! इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. आईने खसकन रुमाल ओढला, ग्लासातल्या पाण्यात बुडवला आणि सगळ्या दुकानासमोर लेकीचं तोंड खसाखसा पुसलं. "तो स्वेटर मी विणला होता! माझ्या हाताने! आणि तू कात्री लावलीस? हे थोबाड रंगवायला? कारटे, एक तरी काम धड करशील का जन्मात?" लिपस्टिक गेली, जेली गेली, जांभळट ओठ गेले. आणि भिंगरीला रडू कोसळलं. अगदी खरंखुरं, हुंदके देऊन! नोकरी गेली, अब्रू गेली, आता मरेपर्यंत इस्त्री. वर आईच्या हातचा स्वेटर! तो आईने विणलेला होता हे खरंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि त्याचंच सगळ्यांत वाईट वाटलं.

"थांबा!" मॅडम एकदम ओरडल्या.

सगळे थांबले. मॅडमनी भिंगरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. गाल लाल. नाकाचा शेंडा लाल, नेमका हवा तेवढाच. डोळे पाणीदार. ओठ थरथरून गुलाबी.

"हाच!" मॅडम हरखून म्हणाल्या. "हाच तो लूक! अगदी गारठ्यातून आल्यासारखा! मघाशी काय ते भयंकर... हे बघा, हे खरं वाटतंय! शनिवारपासून या. पण काउंटरवर रोज असाच चेहरा हवा. जमेल का?"

भिंगरीने हुंदका गिळला. आता हे रोज जमवायचं कसं? ती हो म्हणावं की नाही या विचारात होती, तेवढ्यात आईने ब्रश काखेत मारला आणि पुढे झाली.

"जमेल की! त्याची काळजी तुम्ही करू नका."

आणि आई बोलल्याप्रमाणे वागते. दर शनिवार-रविवारी सकाळी भिंगरी निघाली, की आई दारात उभी राहते आणि बोलणी सुरू करते. मागे बाबा बिनबाह्यांच्या स्वेटरात वाफेच्या इस्त्रीशी उभे असतात. ते मध्ये पडत नाहीत, कारण त्यांचा नंबर नंतर असतो. भिंगरी बसमध्ये चढते ती लाल नाकाने, आणि ते आजोबा न चुकता उठून उभे राहतात.

मेकअपचा खर्च अजूनही शून्य आहे. अजून तर फक्त स्वेटरच चालू आहे. आई म्हणते, कोटाचा विषय तिने उन्हाळ्यासाठी राखून ठेवलाय.